मुदतही संपली आणि कामही पूर्ण झाले, अशा वेळी इंजिनाने कोणाचे खरे मानावे?

शिरोली_पुलाची

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत मी संगणक विभागाचे काम पाहतो. गेल्या वर्षापासून आम्ही कॅमुंडा ७ या वर्कफ्लो इंजिनावर, म्हणजे आपण काढलेल्या आकृतीनुसार कामाच्या पायऱ्या चालवणाऱ्या प्रणालीवर, गुणवत्ता विभागाच्या मंजुऱ्या चालवतो. डेटाबेस पोस्टग्रेस आहे आणि इंजिन दोन सर्व्हरवर चालते. एखाद्या हीटच्या, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूच्या, कास्टिंगची कठीणता किंवा रासायनिक प्रमाण ठरलेल्या मर्यादेच्या किंचित बाहेर गेले, तर तो माल होल्डवर जातो आणि गुणवत्ता प्रमुखांच्या नावे ‘डेव्हिएशन निर्णय’ नावाचे टास्क तयार होते. त्यांनी चार तासांत निर्णय दिला नाही, तर टास्कला लावलेला टायमर वाजतो, कारखाना प्रमुखांना मेल जातो, ईआरपीमध्ये (कारखान्याच्या एकत्रित व्यवस्थापन प्रणालीत) एक नोंद होते आणि निर्णयाचे टास्क त्यांच्या नावे उघडते.

अडचणी तीन आहेत. पहिली म्हणजे, गुणवत्ता प्रमुख फॉर्म भरत असतात, निरीक्षणे लिहून झालेली असतात, आणि ‘पूर्ण’ हे बटण दाबल्यावर टास्क सापडत नसल्याची त्रुटी येते. दुसरी अडचण क्वचित येते. बटण दाबताच ‘ही नोंद दुसऱ्या व्यवहाराने बदलली आहे’ अशा अर्थाची त्रुटी दिसते. तिसरी सर्वांत त्रासदायक आहे: कारखाना प्रमुखांना एकाच प्रकरणाचे दोन-तीन मेल जातात, आणि एकदा तर निर्णय वेळेत नोंदवला गेला असूनही ‘निर्णय झाला नाही’ असा मेल गेला. त्या दिवशी गुणवत्ता प्रमुखांना विनाकारण बोलणी खावी लागली, म्हणून हा विषय मला मुळापासून समजून घ्यायचा आहे.

गोकुळ_शिरगावकर

आपल्या आकृतीत त्या टायमरचे वर्तुळ अखंड रेषेचे आहे की तुटक रेषेचे, हे आधी सांगावे. टास्कच्या कडेला लावलेल्या टायमरचे बीपीएमएन २.० मध्ये, म्हणजे प्रक्रियांच्या आकृत्या काढण्याच्या मानकात, दोन प्रकार आहेत. अखंड दुहेरी वर्तुळ असेल, तर टायमर वाजताच टास्क रद्द होते आणि वाट पूर्णपणे टायमरच्या शाखेने पुढे जाते. वर्तुळ तुटक असेल, तर टास्क जागेवर राहते आणि बाजूने एक जादा शाखा सुरू होते. शिवाय टास्कला ‘ड्यू डेट’ही (मुदतीची तारीख) दिली आहे का? अनेकांचा समज असतो की ती तारीख उलटली की इंजिन काहीतरी करेल. कॅमुंडामध्ये ती तारीख केवळ यादीत दाखवण्यासाठी आणि शोधासाठी असते. तिच्यामुळे काहीही आपोआप घडत नाही.

शिरोली_पुलाची

वर्तुळ अखंड आहे. खरे सांगतो, तुटक रेषेला स्वतंत्र अर्थ आहे हे मला ठाऊक नव्हते; प्रशिक्षणात मिळालेल्या आकृतीवरून मी तो भाग जसाच्या तसा उचलला होता. ड्यू डेट दिलेली आहे आणि तीही चार तासांचीच आहे.

उद्यमनगर

मग पहिल्या अडचणीचे उत्तर येथेच मिळाले. चार तास होताच इंजिनाने ते टास्क काढून घेतले. गुणवत्ता प्रमुखांच्या पडद्यावर जे उघडे होते, ते केवळ जुने चित्र होते. इंजिनाच्या दृष्टीने त्यात काहीही चुकलेले नाही. आपण आकृतीतून त्याला जे सांगितले, तेच त्याने केले.

म्हणून तांत्रिक दुरुस्तीच्या आधी कारखान्यात बसून एक प्रश्न विचारून घ्यावा: चार तासांनंतर निर्णयाचा *अधिकार* गुणवत्ता प्रमुखांकडून जातो, की अधिकार त्यांच्याकडेच राहतो आणि वरिष्ठांना केवळ *खबर* जाते? या दोन गोष्टींची आकृती वेगळी होते. माझ्या पाहण्यात फौंड्रीमध्ये बहुतेक वेळा दुसरीच गोष्ट अपेक्षित असते. साचा, वाळू, धातूचे प्रमाण, ग्राहकाचे ड्रॉइंग हे सारे ज्याच्यासमोर आहे त्यानेच निर्णय द्यावा आणि उशीर होत असल्याचे वरिष्ठांना कळावे, एवढेच हवे असते. तसे असेल तर तुटक वर्तुळ वापरावे.

आता दुसरी अडचण. टास्क तयार होताना त्याच व्यवहारात, म्हणजे एकत्रच पक्क्या होणाऱ्या किंवा एकत्रच मागे जाणाऱ्या बदलांच्या गटात, टायमरची नोंदही डेटाबेसमध्ये जॉब (नंतर चालवायचे काम) म्हणून होते. इंजिनाचा जॉब एक्झिक्युटर ठरावीक अंतराने डेटाबेसला ‘कोणाची वेळ झाली?’ असे विचारतो, सापडलेल्या जॉबला आपले कुलूप लावतो आणि मग तो चालवतो. इकडे माणूस ‘पूर्ण’ बटण दाबतो तेव्हा इंजिन टास्कची नोंद पुसते आणि त्याच व्यवहारात टायमरचा जॉबही पुसते. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी सुरू झाल्या तर दोन व्यवहार एकाच नोंदीला हात घालतात. प्रत्येक नोंदीसोबत एक आवृत्ती क्रमांक असतो. आपण वाचलेला क्रमांक लिहिण्याच्या वेळी बदललेला दिसला, की मागे पडलेला व्यवहार पूर्णपणे मागे घेतला जातो. यालाच ऑप्टिमिस्टिक लॉकिंग म्हणतात, आणि आपल्याला दिसणारी त्रुटी हीच आहे.

या त्रुटीची भीती बाळगू नये. टायमर आणि माणूस यांपैकी एकाचेच खरे ठरेल, याची ती हमी आहे. जॉब एक्झिक्युटर हरला तर तो पुन्हा प्रयत्न करतो आणि या कारणाने झालेल्या अपयशासाठी प्रयत्नांची शिल्लकही कमी करत नाही. पुन्हा पाहिल्यावर जॉब उरलेलाच नसेल तर विषय मिटतो. माणूस हरला तर मात्र त्याला पडद्यावर लाल अक्षरे दिसतात, कारण त्याच्या वतीने पुन्हा प्रयत्न करणारे कोणी नसते. ती जबाबदारी आपल्या पडद्याच्या प्रोग्रामने घ्यावी: त्रुटी आली की टास्क पुन्हा वाचावे, ते शिल्लक असेल तर भरलेला फॉर्म तसाच ठेवून पुन्हा पूर्ण करावे, आणि शिल्लक नसेल तर ‘हे प्रकरण मुदतीनंतर वरिष्ठांकडे गेले आहे’ असे सरळ मराठीत सांगावे. भरलेला मजकूर कोणत्याही परिस्थितीत गमावू नये.

रंकाळाकाठ

तिसऱ्या अडचणीबद्दल लिहिते, कारण माझ्या कामात मी यात चांगलीच अडकले होते. आपल्या आकृतीत टायमरनंतर मेल, मग ईआरपीची नोंद, मग कारखाना प्रमुखांचे टास्क असा क्रम आहे. मधल्या कोणत्याही पायरीवर आपण विराम सांगितलेला नाही. त्यामुळे टायमर वाजण्यापासून पुढचे टास्क तयार होईपर्यंत सारे एकाच व्यवहारात घडते आणि डेटाबेसमध्ये त्याची पक्की नोंद शेवटी, त्या टास्कपाशी पोहोचल्यावर होते.

डेटाबेसचा व्यवहार मागे घेता येतो; सुटलेला मेल मागे घेता येत नाही. आपल्या बाबतीत घडले असेल ते असे. टायमर वाजला, मेल गेला, आणि पक्की नोंद करण्याच्या वेळी लक्षात आले की गुणवत्ता प्रमुखांनी काही क्षण आधीच टास्क पूर्ण केले आहे. इंजिनाने आपला सारा व्यवहार मागे घेतला. इतिहासात टायमर वाजल्याचा मागमूस नाही, पण मेल मात्र कारखाना प्रमुखांच्या फोनवर पोहोचलेला आहे.

दोन-तीन मेलचे कारण ईआरपीच्या पायरीत शोधावे. मेल गेल्यावर ती पायरी फसली की सारे मागे जाते आणि जॉब पुन्हा सुरुवातीपासून, म्हणजे मेलपासून, चालतो. वेगळे काही सांगितले नसेल तर एकूण प्रयत्न ३ होतात आणि नंतर ‘इन्सिडेंट’, म्हणजे माणसाने लक्ष घालावे अशी अडचण, नोंदवला जातो. म्हणजे तीन प्रयत्नांचे तीन मेल.

उपाय म्हणून मेलच्या पायरीवर आणि ईआरपीच्या पायरीवर ‘असिंक बिफोर’ ही खूण करावी. मग टायमर वाजल्याची पक्की नोंद आधी होते, त्यानंतर मेल हा स्वतंत्र जॉब होतो आणि ईआरपी हा तिसरा. ईआरपी फसली तर केवळ ईआरपीच पुन्हा चालेल. तरीही मेल गेल्यानंतर आणि त्याची नोंद होण्याआधी सर्व्हर बंद पडला, तर तो मेल दुसऱ्यांदा जाऊ शकतो. इंजिन ‘किमान एकदा’ची हमी देते, ‘एकदाच’ची देत नाही. म्हणून प्रकरण क्रमांक आणि सूचनेचा क्रमांक मिळून एक खूण आपल्या तक्त्यात ठेवावी आणि ती आढळल्यास मेल टाळावा.

तुटक वर्तुळ वापरल्यास एक काळजी अधिक घ्यावी. टायमरची शाखा सुटल्यावर मूळ टास्क पूर्ण झाले, तरी ती शाखा थांबत नाही. त्यामुळे मेल पाठवण्याआधी ते टास्क अजून उघडे आहे का, हे विचारून घ्यावे.

शिरोली_पुलाची

ताई, आपले निदान अचूक ठरले. लॉग पाहिले. ज्या प्रकरणांत तीन मेल गेले, त्या सगळ्यांत ईआरपीची जोडणी तुटलेली होती. अधिकाराचा प्रश्न आज दुपारी बैठकीत विचारला, आणि उत्तर ‘केवळ खबर’ असेच आले. कारखाना प्रमुख स्वतः म्हणाले की असे टास्क त्यांच्या नावे आले तरी ते फोन करून गुणवत्ता प्रमुखांनाच विचारतात.

कागल_नाका

मला या साऱ्या गुंतागुंतीची गरज वाटत नाही. आम्ही टायमर वापरतच नाही. दर पंधरा मिनिटांनी आमची एक स्क्रिप्ट ड्यू डेट उलटलेली टास्के शोधते आणि यादी मेल करते. दोन व्यवहारांच्या टकरीचा प्रश्नच येत नाही.

उद्यमनगर

केवळ स्मरणपत्र पाठवायचे असेल आणि दहा-पंधरा मिनिटांचा फरक चालत असेल, तर आपली पद्धत योग्य आहे आणि तीत काहीही कमीपणा नाही. उलट पाच प्रकरणांचे पाच मेल जाण्यापेक्षा एक यादी जाणे वाचणाऱ्यालाही बरे पडते.

मात्र मुदतीनंतर प्रक्रियेची वाटच बदलायची असेल, तर ती स्क्रिप्ट आकृतीबाहेरून टास्क हलवू लागते, आणि मग टक्कर टळत नाही, केवळ आपल्या नजरेआड जाते. ग्राहकाचा ऑडिटर ‘हे प्रकरण वर का गेले?’ असे विचारतो तेव्हा इंजिनाच्या इतिहासात त्याचे उत्तर असावे लागते. टायमर आकृतीत असेल तर ते उत्तर वेळेसह तेथेच असते. एक गोष्ट मात्र दोन्ही पद्धतींना लागू आहे: टायमरची वेळ म्हणजे ‘याच्या आधी नाही’ एवढेच. एक्झिक्युटर कामात गुंतलेला असेल तर तो नंतर वाजतो. सेकंदाचा काटा पाळायचा असेल, उदाहरणार्थ भट्टी किंवा यंत्र थेट थांबवायचे असेल, तर ते काम पीएलसीचे, म्हणजे यंत्रे थेट चालवणाऱ्या नियंत्रकाचे आहे. वर्कफ्लो इंजिनावर ते टाकू नये.

गोकुळ_शिरगावकर

कालावधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सावधगिरी, कारण त्यात आमचे मोठे नुकसान होता होता वाचले. आयएसओ ८६०१ या मानकानुसार कालावधी ‘पी’ या अक्षराने सुरू होतो आणि तास-मिनिटांच्या आधी ‘टी’ हे अक्षर लागते. ‘पीटी५एम’ म्हणजे पाच मिनिटे. ‘पी५एम’ म्हणजे पाच महिने. एका सहकाऱ्याकडून ‘टी’ सुटला. इंजिनाने तक्रार केली नाही, कारण लिहिलेले पूर्णपणे वैध होते. साच्यात धातू ओतल्यानंतर ठरलेला वेळ थंड होऊ द्यायचा आणि मगच नॉक-आउटचे (साचा फोडून कास्टिंग काढण्याचे) टास्क उघडायचे, अशी ती प्रक्रिया होती. प्रकरणे पुढे सरकेनात, तेव्हा जॉबची मुदत उघडून पाहिली आणि पुढच्या वर्षाची तारीख दिसली.

सर्व्हरचे घड्याळही तपासावे. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) असेल आणि ‘रोज सकाळी ९’ असा आवर्ती टायमर लावला, तर तो आपल्याकडे दुपारी २.३० वाजता वाजतो. चार तासांसारख्या कालावधीला याचा उपद्रव होत नाही. ठरावीक तारीख-वेळेला होतो. तेथे वेळेपुढे ‘+०५:३०’ लिहावे.

शिरोली_पुलाची

वेळेचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. रविवारी रात्री आठला होल्ड झालेल्या मालाचा टायमर मध्यरात्री वाजतो आणि सोमवारी सगळे बंद. ‘कामाचे चार तास’ कसे मोजावेत?

उद्यमनगर

कॅमुंडा ७ मध्ये सुट्ट्यांची दिनदर्शिका तयार मिळत नाही. टायमरच्या व्याख्येत थेट कालावधी लिहिण्याऐवजी एक्स्प्रेशन (चालताना उत्तर काढणारे सूत्र) लिहावे, त्यातून आपण जावा भाषेत लिहिलेला वर्ग (क्लास) बोलवावा आणि त्याने पाळ्या, सोमवार व सणांच्या सुट्ट्या वगळून नेमकी तारीख-वेळ काढून द्यावी. जेबीपीएम या दुसऱ्या वर्कफ्लो इंजिनात मात्र बिझनेस कॅलेंडर (कामाच्या दिवसांची दिनदर्शिका) अंगभूत आहे. तेथे दिवसाचे तास, आठवड्याची सुट्टी आणि सणांच्या तारखा एका फाइलमध्ये लिहिता येतात. परंतु ती भरल्याशिवाय वापरू नये. शनिवार-रविवारची सुट्टी गृहीत धरणारी मांडणी आपल्या सोमवारशी जुळणार नाही. सुट्ट्यांची यादी मनुष्यबळ विभागाने पडद्यावरून भरावी, प्रोग्राममध्ये लिहून ठेवू नये. नाहीतर गणपतीची सुट्टी बदलली की संगणक विभागाला नवी आवृत्ती चढवावी लागते.

पंचगंगाकाठ

मी सहसा येथे केवळ वाचन करतो, पण सर्व्हर बंद असताना टायमरचे काय होते, हे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

जुलै २०२१ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, शिरोलीजवळ पाणी येऊन पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद झाला आणि आमच्या कारखान्यात कोणी पोहोचू शकत नव्हते. २०१९ चा अनुभव जवळ असल्याने सर्व्हर आधीच वरच्या मजल्यावर हलवले होते. यंत्रे वाचली, पण कित्येक दिवस बंद राहिली. टायमर डेटाबेसमध्ये असल्यामुळे ते हरवले नाहीत. आम्हाला तेवढाच दिलासा वाटला होता.

सर्व्हर सुरू केला आणि काही मिनिटांत त्या सर्व दिवसांच्या मुदती एकदम वाजल्या. प्रत्येक प्रकरण ‘विलंबित’ झाले. घरात चिखल साफ करत असलेल्या माणसांच्या फोनवर ‘आपण वेळेत काम पूर्ण केले नाही’ असे संदेश एकामागून एक गेले. त्यांतील काहींच्या घरी छातीइतके पाणी होते. ते संदेश मीच लिहिलेल्या मजकुरातून गेले होते, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर आम्ही जो क्रम ठरवला तो सांगतो. मोठ्या खंडानंतर इंजिन सुरू करताना जॉब एक्झिक्युटर बंद ठेवायचा. तशी सेटिंग आहे. मुदत उलटलेल्या जॉबची यादी काढायची. बंद काळाइतकी प्रत्येकाची मुदत पुढे ढकलायची. हे इंजिनाच्या व्यवस्थापन सेवेतून करायचे, डेटाबेसचा तक्ता हाताने बदलून नव्हे. मग एक्झिक्युटर सुरू करायचा. प्रकरणे ‘सस्पेंड’ (तात्पुरती स्थगित) केल्याने हे आपोआप साधत नाही, कारण त्या काळात टायमर वाजत नसले तरी त्यांची मुदत जागेवरच राहते, आणि पुन्हा सुरू करताच ते सारे एकदम वाजतात.

आता पावसाळ्यापूर्वी आम्ही याची एकदा तालीम करतो.

रंकाळाकाठ

हा क्रम मी आमच्याकडे जसाच्या तसा लागू करत आहे. पंचगंगाकाठ, आपले आभार.

शिरोली पुलाची, एक शंका आहे. आपल्याकडे चार तासांत निर्णय *होत* नाही, की केवळ *नोंदवला* जात नाही?

शिरोली_पुलाची

या प्रश्नाने मला दोन दिवस खाली शॉपवर उभे केले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

बहुतेक वेळा निर्णय तासाभरात होतो. गुणवत्ता प्रमुख स्वतः मालापाशी जातात, मोजमाप पाहतात, ग्राहकाशी फोनवर बोलतात आणि कास्टिंगवर खडूने खूण करतात. पर्यवेक्षक ती खूण पाहून माल पुढे पाठवतो. संगणकावरचे टास्क मात्र पाळी संपताना, कार्यालयात परतल्यावर पूर्ण होते. म्हणजे आमचा टायमर निर्णयाचा विलंब मोजत नव्हता. माणूस खुर्चीपाशी परत यायला किती वेळ लागतो, ते मोजत होता. शिवाय टास्क होल्ड लागताच उघडते, पण स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूचे रासायनिक प्रमाण मोजणाऱ्या यंत्राचा, अहवाल अनेकदा त्यानंतर येतो. अहवालाविना निर्णय देणे शक्यच नसते आणि तरी घड्याळ चालू असते.

त्यामुळे आकृती नव्याने काढली. होल्डनंतर प्रक्रिया आधी स्पेक्ट्रोच्या अहवालाच्या संदेशाची वाट पाहते; निर्णयाचे टास्क आणि त्याचा टायमर अहवाल आल्यावरच सुरू होतात. वर्तुळ तुटक केले. मेल व ईआरपी वेगवेगळे जॉब झाले, मेलआधी टास्क उघडे असल्याची तपासणी आली. शॉपवर होल्डच्या जागेजवळ एक टॅबलेट लावला असून निर्णयासाठी त्यावर तीनच बटणे आहेत: स्वीकार, पुनर्काम, भंगार. सविस्तर शेरा पाळीनंतर लिहिण्याचे वेगळे टास्क केले आणि त्याला टायमर ठेवलेला नाही.

चाचणीत चार तास थांबावे लागू नये म्हणून इंजिनाचे घड्याळ पुढे नेण्याची सोय वापरली. टायमर चालवून त्याचा व्यवहार अर्धवट असतानाच टास्क पूर्ण करण्याची चाचणीही लिहिली आहे. तीत एकच मेल जातो किंवा एकही जात नाही, दोन कधीच जात नाहीत.

गोकुळ_शिरगावकर

उत्तम. नवी आकृती चढवताना एवढे लक्षात असू द्यावे की आधीपासून चालू असलेली प्रकरणे जुन्याच आवृत्तीवर राहतात, आणि त्यांचे टायमरही जुन्या मुदतीचे व अखंड वर्तुळाचेच असतात.

शिरोली_पुलाची

होय, काल ते पाहिले. जुन्या आवृत्तीवर अकरा प्रकरणे उघडी होती. ती नव्या आवृत्तीवर हलवण्याच्या भानगडीत न पडता त्यांच्या टायमरची मुदत शनिवारपर्यंत पुढे नेली आहे, आणि गुणवत्ता प्रमुखांसोबत बसून ती एकेक करून पूर्ण करत आहोत. आता चार उरली आहेत.